रकानेबाईंनी भरलेला फॉर्म

सरकारी दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीमागे जी बाई अठ्ठावीस वर्षं उभी आहे, तिला सगळे रकानेबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक आहे. फॉर्ममधला एकही रकाना कोरा राहिलेला तिला खपत नाही. "कोरा रकाना दिसला की फॉर्म परत येतो," असं दरडावत ती थरथरत्या हातांच्या म्हाताऱ्यांचे फॉर्म स्वतःच भरून देते. तिने भरलेला एकही फॉर्म आजवर परत आलेला नाही. याचा तिला गर्व होता, उगाच खोटं कशाला बोला.

मागच्या आठवड्यात वरून पत्रक आलं. अठरा वर्षांखालची मुलं आणि पासष्टच्या पुढची माणसं यांना आजवर डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध फुकट मिळायचं. आता ज्या घरात कुणाचाही खासगी विमा असेल, त्या घराने आधी विमा कंपनीचं दार ठोठावायचं. या प्रकाराला पत्रकात 'सुसूत्रीकरण' म्हटलं होतं. मेल्यांना शब्द मात्र बरे सापडतात. लोकांच्या तोंडचं औषध काढून घ्यायचं आणि त्याला नाव असं द्यायचं की जणू कपाट आवरलंय.

मंगळवारी सकाळी ड्रायव्हरकाका खिडकीशी आले. आयुष्यभर बस चालवली, आता नात सांभाळतात. चिठ्ठ्या दोन: त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि सात वर्षांच्या नातीचं फिटचं औषध. बाईंनी संगणकात नंबर टाकला आणि दोन्ही नावांपुढे लाल पट्टी आली. खासगी विमा: होय.

"कसला हो विमा तुमचा?"

"माझा कुठला? पोराचा आहे, गोदामातला. कामावर हात तुटला तर पैसे देतात म्हणे."

"औषधाचे?"

"छे. हात तुटायला हवा."

मग बाईंना आठवलं. गेल्या वर्षीचा पाहणीचा फॉर्म. नववा प्रश्न, घरात कुणाचा खासगी विमा आहे का. काका म्हणाले होते, मला नीट माहीत नाही, राहू द्या कोरा. आणि याच खिडकीतून बाईंनी त्यांना झापलं होतं, 'कोरा ठेवायचा नाही, पोराला कंपनीने कार्ड दिलंय ना, मग होयच.' खाली बारीक अक्षरात छापलं होतं की ही माहिती केवळ पाहणीसाठी आहे. ते बाईंनी वाचलं होतं आणि त्यावर विश्वासही ठेवला होता.

त्यांनी मुख्य कार्यालयात फोन लावला. पलीकडचा कारकून चहा पीत असावा, घोटाघोटाला थांबत होता.

"दुरुस्तीला सहा आठवडे लागतील, मॅडम."

"पोरीला फिट येतात. औषध एक दिवस चुकवायचं नसतं."

"मग असं करा, अर्जदाराने खोटी माहिती दिली म्हणून लिहून घ्या. तसं प्रकरण लवकर निघतं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रश्न यांनी विचारायचा, शब्द यांनी फिरवायचा आणि खोटारडा कोण, तर आयुष्यात एकदाही सिग्नल न तोडलेला हा म्हातारा. त्यांनी फोन आपटला.

"माझ्या गोळ्या राहू द्या," काका हळूच म्हणाले. "पोरीचं मिळालं तर बघा. तशी घाई नाही, बाटलीत आहे अजून."

"अजून कसं? परवाच संपायला हवं होतं."

काका काउंटरकडे बघत राहिले. "ते पत्रक लागलं ना, तेव्हापासून अर्धाच चमचा देतोय. पुरवून."

"फिट आली?"

"काल सकाळी. लहानशीच होती."

बाईंनी तोंड उघडलं असतं तर त्या ओरडल्या असत्या, आणि ज्यांच्यावर ओरडायचं ते खिडकीच्या पलीकडे नव्हतेच. त्यातली एक तर खिडकीच्या अलीकडेच उभी होती.

त्यांनी फळीवरून पोरीची बाटली काढली, काकांच्या गोळ्या काढल्या आणि तातडीच्या वाटपाचं रजिस्टर उघडलं. नाव, वय, औषध भरलं. कारण: फॉर्म चुकीचा भरला गेला. शेवटचा रकाना होता, जबाबदार व्यक्ती. काकांनी सवयीने पेनासाठी हात पुढे केला.

"तुमची सही नकोय," म्हणत बाईंनी तिथे स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. "आणि आजपासून पूर्ण चमचा. ऐकताय ना? पूर्ण."

काका गेले. खिडकीबाहेरची रांग दारापर्यंत होती. बाईंनी मान बाहेर काढून विचारलं, "गेल्या वर्षी पाहणीचा फॉर्म माझ्याकडून कुणी कुणी भरून घेतला होता?"

रांगेतले जवळजवळ सगळे हात वर झाले. बाई पुन्हा काहीतरी भरून देणार असं वाटून दोघीतिघी कौतुकाने हसल्यादेखील.