धोंडू तांबेचं सूप

धोंडू तांबेने जन्मात गाजर कधी सरळ विकत घेतलं नाही. आधी कानाशी धरून मोडायचा, मग चावायचा, मग तोंड वाकडं करायचा. गिरणी संपात गेली ती गेलीच, पण भाजी पारखायची अक्कल शाबूत राहिली. घाटकोपरच्या बाजारात मुरबाडकडच्या बाया शेतातली भाजी घेऊन बसत. धोंडू लांबून दिसला की त्या मटार पदराने झाकून घेत.

पण त्याची हुशारी बाजारातच संपायची. चुलीपाशी हा माणूस म्हणजे निव्वळ संकट. म्हणून तर अपेंडिक्सच्या ऑपरेशनला जाताना त्याच्या बायकोने, सुगंधाने, सगळी भांडी ट्रंकेत घालून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. "तुम्ही पाणीसुद्धा जाळाल," ती म्हणाली. ते धोंडूला फार लागलं.

डॉक्टरांनी घरी सोडताना भाज्यांचं सूप द्यायला सांगितलं, तेव्हाच त्याने ठरवलं. दुपारी सुगंधा आली की पहिला घोट आपल्या हातचा. मग बोल म्हणावं काय बोलायचं ते!

सकाळीच तो गाजरं, दुधी, टोमॅटो, मटार घेऊन आला. शेजारच्या नलिनीचा कुकर, मंजुळाबेनचं मिक्सरचं भांडं आणि वरच्या द्रौपदीबाईंचा टोप मागून आणला. मिक्सर फिरवायला मंजुळाबेनच्या घरी दोन चकरा झाल्या. शेवटी टोपात सूप उकळलं. काहीही जळलं नाही. धोंडूचा स्वतःवर विश्वास बसेना.

तेवढ्यात नलिनीची हाक आली, "भावजी, कुकर द्या ना, भात खोळंबलाय."

आता शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हे धोंडूला आईने लहानपणी शिकवलेलं. स्वयंपाकातलं त्याला येत होतं ते तेवढंच. त्याने कुकरमध्ये सढळ हाताने सूप ओतलं. मिक्सरचं भांडं भरलं. टोपात बाकीचं होतंच, तो तसाच द्रौपदीबाईंना पोचवला. हात झाडत खाली आला आणि रिकाम्या स्टोव्हकडे बघत उभा राहिला.

वाट लागली!

बाहेर रिक्षा थांबली. सुगंधाचा भाऊ बाळा तिला धरून आत आणत होता. धोंडू अक्षरशः रडायच्या बेतात आला.

इतक्यात नलिनी कुकर घेऊन दारात. "चव बघायला पाठवलंत ना? मिठाचा पत्ता नाही, भावजी. मी जरा खोबरं लावलं." मागोमाग मंजुळाबेन, गूळ घालून. सगळ्यांत शेवटी द्रौपदीबाई, लसणीची फोडणी देऊन. "आजारी बाईला कोमट पाणी पाजतोस काय रे?"

धोंडूने तिन्ही सुपं टोपात ओतली आणि नलिनीकडचा कप मागून, भरून सुगंधाला दिला. तिने घोट घेऊन डोळे मिटले.

"खोबरं नलूचं. गूळ मंजुळाबेनचा. फोडणी द्रौपदीबाईंची. आणि तुमचं काय हो यात?"

"गाजर," धोंडू पुटपुटला.

ती आणखी एक घोट प्याली. "खरंच की. एवढं गोड गाजर दुसरं कोण आणणार?" आणि गळ्यातली किल्ली काढून तिने त्याच्या हातावर ठेवली.

सगळ्यांनी मिळून सूप संपवलं. त्याने टोप घासला, पुसला आणि वर द्यायला निघाला. उंबऱ्यावर थबकला.

टोप रिकामा होता.

त्याने तो खाली ठेवला आणि बाजाराची पिशवी उचलली.