नीळ घातलेले शर्ट आणि दोन हिरे

नवऱ्याचे अर्धे शर्ट निळीच्या पाण्यात, अर्धे पिळून बादलीच्या काठावर, अशा वेळी आत्याच्या दाराची कडी वाजली. दारात वहिनी आणि तिची लग्न ठरलेली लेक. वहिनीच्या मुठीत कागदाची पुडी.

"वन्सं, दुकानदारानं दोन हिरे घरी दिलेत, तुमचं नाव ऐकून. यातला पांढरा कोणता तेवढं सांगा. संध्याकाळी अंगठीत बसवणार, मग बदलून मिळायचा नाही."

आत्याचा जन्म हिऱ्यांच्या कारखान्यात रंगावरून हिरे निवडण्यात गेलेला. नात्यागोत्यात कुणाला हिरा घ्यायचा झाला की आधी तिच्या दारात. तिनं हात पुसले, पांढऱ्या कागदाला घडी घालून तो ऊन नसलेल्या खिडकीत ठेवला आणि दोन्ही हिरे त्यात पालथे घातले.

"दुकानातल्या दिव्यांखाली सगळेच गोरे. वरून बघितलं की चमक फसवते, कडेनं बघावं. आणि तू जरा लांब हो बाई, तुझ्या पिवळ्या ओढणीची झाक पडतेय त्यात. अंगठी पिवळ्या सोन्याची का?"

"छे! पांढऱ्या सोन्याचीच हवी म्हणे. हट्टात बापावर गेलीय."

"मग जपून. पिवळं सोनं हिऱ्याचा पिवळेपणा पोटात घालतं, पांढरं लगेच चहाडी करतं."

बोलता बोलता आत्या हिऱ्यांवर वाकली. दोन्ही हिरे सारखे, जुळ्या भावंडांसारखे. डोळे चोळले, भिंग लावलं, मनात देवाचं नाव घेतलं. फरक काही दिसेना. शेवटी तिचं बोट उजवीकडच्या हिऱ्यावर टेकलं. "हा."

"आत्या, तो तर पिवळट आहे," भाची म्हणाली.

"गप्प बस!" वहिनी डाफरली. "कालचं पोर, आत्याला रंग शिकवतेय!"

भाचीनं रागानं तोंड फिरवलं, तर समोर बादली. "मग काकांचे शर्टही पांढरेच म्हणायचे. नुसतं निळं आभाळ झालंय त्यांचं!"

"अगंबाई, खरंच की!" वहिनीला हसू फुटलं. "वन्सं, अख्खी बाटली ओतलीत का?"

आत्यानं बादलीत पाहिलं. तिला तर शर्ट अजून पिवळसरच वाटत होते. म्हणून तर ती हल्ली प्रत्येक वेळी नीळ वाढवत होती. साबणाला नावं ठेवून झाली, पाण्याला झाली, कापडाला झाली. डोळ्यांचा तेवढा संशय आला नव्हता.

"हिचंच खरं असेल," ती हळूच म्हणाली. "मला आता भेद कळत नाही."

"पुरे तो विनय! तुम्ही उजवा म्हणालात, मग उजवाच." वहिनी पुडी बांधायला लागली.

"अगं, खरंच दिसत नाही गं मला!"

वहिनीचे हात जागीच राहिले. "मग कारखान्यात रोज तुम्ही..."

हल्ली आत्याच्या हाताखालून गेलेले हिरे आता कुणाकुणाच्या बोटात बसले असतील, ते देवालाच ठाऊक.

भाचीनं डावा हिरा उचलला. "हा घेऊ ना, आत्या?" ती मान हलण्याची वाट बघत राहिली. आत्याला मान हलवायची होती, पण कशाच्या जोरावर हलवणार?

"तुझ्या डोळ्यांना पटतो ना? देवाचं नाव घे आणि ठेव," एवढंच ती म्हणाली.

दोघी गेल्यावर तिनं शर्ट साध्या पाण्यातून पुन्हा पुन्हा काढून वाळत घातले. पांढरे झाले की नाही, ते विचारायला घरात कुणी नव्हतं. दुपारची पाळी सुरू व्हायला अवकाश होता, तरी तिनं चपला घातल्या. मुकादमाला गाठून सांगायचं होतं, आजपासून माझ्या टेबलावर दुसऱ्या कुणाला बसवा.