रणगाड्याचा हार

बोरिवलीच्या युद्ध संग्रहालयात एक झाडूवाली बाई आहे. मी दुसरी नापास, तिथल्या पाट्या वाचत नाही; रणगाडा बघायला जातो. इतक्या वर्षांत तिने मला एकच वाक्य ऐकवलं, "काका, दोरीच्या मागे!" मंत्री येवो की शाळेची पोरं, तिचं तेच. स्मारकावरची शहिदांची नावं मात्र ती फडक्याने नाही, स्वतःच्या पदराने पुसते.

दसऱ्याला ती दरवर्षी रणगाड्याला झेंडूचा हार घालते. यंदा नवे साहेब आले आणि म्हणाले, "दोरीच्या आत कोणीच जायचं नाही. बाई, तुम्हीपण नाही."

तिचाच नियम तिच्यावर उलटला. हार हातात धरून ती उभी राहिली. "रस्त्यावरच्या रिक्षांना हार, आणि लढून आलेल्या माझ्या गाड्याला नाही होय?" डोळे भरलेले, पण पाय दोरीबाहेरच.

मला राहवलं नाही. मी गोराईचा कोळी, उभा जन्म जाळं फेकण्यात गेला. म्हटलं, "आण गं इकडे." दोरीबाहेरूनच हार गरागरा फिरवला आणि सोडला. तो थेट तोफेच्या नळीवर जाऊन बसला! पहिली टाळी साहेबांनीच वाजवली.

ती हसली; तिला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. मग डोळे पुसून हार निरखला आणि खेकसली, "काका, वाकडा पडलाय!"

"माझा नेम वाकडा? जा, तूच सरळ कर."

"दोरीच्या आत? नियम म्हणजे नियम. पुढच्या दसऱ्याला नीट फेका."