नावाड्याची किल्ली

"स्किप कोणी केलं?"

नाना असे ओरडले की फणसवाडीतली कबुतरं उडाली ती थेट चर्नी रोडला जाऊन बसली. आणि हे मी कमी करून सांगतोय. एकाच गॅलरीतल्या चार खोल्यांत आम्ही चार शेजारी एकच ऑनलाइन गेम खेळत होतो. समोर ड्रॅगन होता. त्याचं भाषण मी बटण दाबून उडवलं होतं, आणि एकाने उडवलं की चौघांचं उडायचं.

"नाना, तो मारायला आलाय. भाषण कसलं ऐकायचं?" मी भिंतीपलीकडून म्हटलं.

"का मारायला आलाय, ते नको कळायला?"

नाना म्हणजे छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक. जन्मभर दुसऱ्यांचा मजकूर मोठ्यानं वाचून तपासलेला, त्यामुळे समोर आलेलं वाक्य सोडणं त्यांना जमायचंच नाही. गेममधलं इंग्रजी ते जागच्या जागी मराठीत करायचे आणि विरामचिन्हांसकट वाचायचे. "राणी म्हणाली स्वल्पविराम तलवार खाली ठेव पूर्णविराम." राणीचं बोलणं संपेपर्यंत शत्रूचे सैनिक पेन्शनीत निघालेले असत.

हे वाचन नानांच्या बायकोसाठी, आमच्या काकूंसाठी होतं. त्यांची नजर गेली होती. संध्याकाळी पाच ते सात त्या नानांच्या बाजूला बसून भिजवलेले वाल सोलायच्या. राक्षस मरो की राज्य बुडो, हात थांबायचा नाही.

गेमची कंपनी अधूनमधून गोष्टीचा पुढचा भाग काढते, त्याला एक्सपान्शन म्हणतात. आम्ही तो दोन दिवसांत फस्त करायचो. नानांना चार महिने लागत, आणि वर परीक्षण तयार असे. "पहिला भाग संथ आहे, पण पाया आहे. दुसऱ्यात गोष्ट आपल्या पायांनी चालते. तिसऱ्यात लेखकाला गाडी पकडायची होती. सकाळी राजा मेला, दुपारी पोराचा राज्याभिषेक. अरे, तेरावा तरी होऊ द्यायचा."

पहिल्या भागात एक नावाडी भेटतो. किल्ली हातात देतो, "येतो परत" म्हणतो आणि जातो. आम्ही ती किल्ली त्याच दिवशी फेकून दिली. नानांनी ठेवली. गेममधल्या पिशवीत जागा नाही म्हणून त्यांनी सोन्याचं चिलखत टाकलं, पण किल्ली टाकली नाही.

"नाना, लिहिणारे विसरले त्याला. द्या फेकून."

"नावाडी यायचाय."

दुसरा भाग आला, तिसरा आला. काकू दर वेळी एवढंच विचारत, "आला का हो तो?"

"अजून नाही. दमानं."

चौथा भाग येणार त्याच्या आदल्या दिवशी नाना दूध घेऊन जिना चढताना मधल्या पायरीवर टेकले. ते उठलेच नाहीत.

दोन-तीन दिवसांनी मी काकूंकडे गेलो. जरा चाचरतच म्हटलं, "काकू, नवा भाग आलाय. नानांच्या कॉम्प्युटरवर बघू का, नावाडी आहे का ते?"

"तेरावा होऊ दे," काकू म्हणाल्या.

पाच सेकंदांची जाहिरात न सोसणारा मी तेराव्यापर्यंत थांबलो. दुसऱ्या कुणी काही सांगू नये म्हणून गॅलरीतून कानात बोटं घालून गेलो.

चौदाव्या दिवशी पाच वाजता नानांच्या खुर्चीत बसलो. काकू बाजूला वाल घेऊन बसल्या. गेम उघडला, धक्क्यावर उतरलो, आणि समोर तोच उभा. केस पांढरे केले होते त्याचे. त्याचं बोलणं ओळीनं पडद्यावर उमटत होतं आणि खाली किल्ली देण्याचं बटण लुकलुकत होतं. माझं बोट सवयीनं तिकडे गेलंच.

"काकू, नावाडी आलाय. किल्ली मागतोय. देऊ?"

वाल सोलणारा हात थांबला. एवढ्या वर्षांत मी तो पहिल्यांदाच थांबलेला पाहिला.

"आधी तो काय म्हणतो ते सगळं वाच," काकू म्हणाल्या.