हमीदाआपा आणि पालेर्मोचं भांडं

हमीदाआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत कपात चहाची पिशवी बुडवत उभी होते. फोन श्रीवर्धनहून, त्यांच्या पुतण्याचा, इम्तियाजचा. भाचीच्या लग्नासाठी आपा गावी गेल्या होत्या. लग्न छान झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी पंगतीची भांडी आवरता आवरता छातीत कळ आली आणि दहा मिनिटांत सगळं संपलं. दफनही त्याच दिवशी झालं, त्यामुळे शारजाहून निघून पोचणं शक्यच नव्हतं. रडू तर आलंच, पण त्याच्याही आधी मनात दुसरंच आलं… तीन आठवड्यांनी लुचिया येणार होती. तिचं तिकीट काढून झालं होतं, आणि जिच्याकडे ती उतरणार होती तीच आता नव्हती.

लुचिया कोण हे सांगायचं तर आधी आपांचा प्रवास सांगायला हवा. शारजातल्या अल मजाजच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या माझ्या दोन मजले वर राहायच्या. त्या दुबईतल्या अल कुसैसच्या एका दातांच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आणि मी तिथल्याच एका कार्गो ऑफिसात, त्यामुळे अकरा वर्षं रोज सकाळी आम्ही एकाच कार लिफ्टने, म्हणजे पैसे वाटून घ्यायच्या गाडीने, जात होतो. ट्रॅफिक तुंबला की आम्ही बाकीचे घड्याळ बघून वैतागायचो आणि आपा कानात वायर घालून इटालियन शिकायच्या. शेवटी शेवटी ड्रायव्हर नासिरभाईसुद्धा पैसे घेताना थँक्यूऐवजी ‘ग्रात्सिए’ म्हणायला लागले होते.

त्यांचे मिस्टर वारले तेव्हा आपा बावन्न वर्षांच्या होत्या. मूलबाळ नाही. आता या गाशा गुंडाळून गावी जातील असं सगळ्यांनी गृहीत धरलं, तर यांनी पाठीवरची सॅक विकत आणली. कुठल्याशा वेबसाइटवर दूरदेशीची माणसं आपल्या घरात परक्याला फुकट झोपायला जागा देतात म्हणे. मी चांगलीच घाबरले. अनोळखी घरी, एकट्या बाईने, या वयात? आपा शांतपणे म्हणाल्या, “मनीषा, निकाह होऊन सासरी गेले तेव्हा तिथे माझ्या ओळखीचं कोण होतं? आणि तिथून तर तीन दिवसांनी निघायची सोयपण नव्हती.”

व्हिसाच्या काउंटरवर यजमानाचं पत्र बघून तिथल्या मुलीने विचारलं होतं, “ये आपकी कौन लगती हैं?” आपांनी सांगितलं, “अभी तो कोई नहीं. जाके आऊंगी, फिर बताऊंगी.” व्हिसा मिळाला. मग दर वर्षी सुट्टीत एखादं बंदराचं गाव. मार्सेय, वालेन्सिया, थेसालोनिकी. समुद्र असला की मला गावासारखं वाटतं, असं त्या म्हणत. सॅकमध्ये दोन जोड कपडे, आमसुलं, तांदळाचं पीठ आणि, विश्वास ठेवा, स्वतःची तारेची घासणी. एक जेवण तरी आपण रांधायचं आणि निघताना त्यांचं स्वयंपाकघर लख्ख करून जायचं, हा त्यांचा नेम होता. मार्सेयच्या एका आजोबांनी आपांचं माशाचं कालवण तीनदा वाढून घेतलं. तिथल्या चौकात कॉफी प्यायच्या आधी मात्र “चार युरो, म्हणजे सतरा दिरहम, म्हणजे चारशे रुपये” असा मोठ्याने जप व्हायचा, आणि मग कॉफी अगदी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली जायची.

काळं भांडं आपांना बघवायचंच नाही. माझ्या चहाच्या पातेल्यावरून त्यांनी मला अकरा वर्षं ऐकवलं. “हे पातेलं आहे की तवा?” मी हसून सोडून द्यायचे. पण इटलीत, पालेर्मोला, याच सवयीने घात केला.

तिथे त्या लुचियाकडे उतरल्या होत्या. लुचिया शाळेतून रिटायर झालेली, चौथ्या मजल्यावर एकटीच राहणारी. पहिल्याच सकाळी ती बाजारात गेली आणि आपांना ओट्यावर कॉफीचं भांडं दिसलं. गॅसवर ठेवून खालचं पाणी वर चढतं तसलं, आठकोनी, आतून-बाहेरून काळंकुट्ट. आपांनी साबण लावला, घासणी काढली आणि आरशासारखं करून ठेवलं. लुचिया परत आली, तिने भांडं बघितलं आणि पिशवीसकट खुर्चीत बसली. ते तिच्या आईचं होतं. तिकडे म्हणे या भांड्याला साबण कधी दाखवायचाच नाही, नुसतं पाण्याने खळबळायचं, वर्षानुवर्षांच्या कॉफीचा थर आत धरला की चव येते. आईची चाळीस वर्षं आपांनी अर्ध्या तासात मोरीत वाहून लावली होती.

आपा सांगायच्या, आयुष्यात एवढी शरम कधी वाटली नाही. दुसरी कोणी असती तर माफी मागून सॅक उचलली असती. या मात्र खाली जाऊन कॉफी घेऊन आल्या आणि भांडं गॅसवर चढवलं. एकदा, दोनदा, दहादा. एवढी कॉफी पिणार कोण? मग जिन्यातल्या शेजाऱ्यांची दारं वाजवायला सुरुवात झाली. तिसऱ्या मजल्यावरचे नवरा-बायको, तळमजल्याचा शिंपी, लुचियाशी चार वर्षं अबोला धरलेली समोरची बाई, सगळे आले. तीन दिवसांसाठी गेलेल्या आपा आठ दिवस राहिल्या. निघताना लुचियाने एक घोट घेऊन सांगितलं की चव थोडी थोडी येतेय, बाकीची पुढच्या वर्षी आण. आपा त्यानंतर दोनदा पालेर्मोलाच गेल्या. आणि तिला कबूल करून आल्या, “तू शारजाला ये आणि माझं एक भांडं घास. खलास, फिट्टंफाट.”

ती येणार होती ते याचसाठी. मी तिला फोन करून आपा गेल्याचं सांगितलं. तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं, हमीदाचं घर तरी बघता येईल का? आमच्याकडे सख्खा दीर आला तरी मी हॉटेल शोधून देणारी बाई. त्या दिवशी मात्र तोंडून निघून गेलं, “या. आमच्याकडेच उतरा.” माझा नवरा सुधीर बघतच राहिला. आमची रेवा म्हणाली, “मम्मा, शी इज अ टोटल स्ट्रेंजर.” मी म्हटलं, जाईपर्यंत नसेल. रेवाची खोली लुचियाला दिली. पहिली रात्र मात्र मी पाहुणीपेक्षा जास्त अवघडून काढली, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी आम्ही आपांचा फ्लॅट उघडला. किल्ली माझ्याकडेच होती. लुचिया सरळ किचनमध्ये गेली, एकेक भांडं हातात घेऊन बघू लागली आणि मग हसत सुटली. घासण्यासारखं एकही नव्हतं. गावी जायच्या आधी आपांनी चहाच्या गाळणीपर्यंत सगळं चकचकीत करून पालथं घातलं होतं. हसता हसता ती ओट्याला टेकून रडली, आणि मग मीही.

आपांनी तिला कबूल केलं होतं त्याचं काय करायचं? मी तिला घरी आणलं आणि माझं चहाचं पातेलं तिच्यापुढे ठेवलं. आपांची घासणी दिली. पाऊण तास ती आमच्या सिंकपाशी उभी होती, बाह्या सरसावून, तोंडाने आपांशी इटालियनमध्ये काहीतरी बोलत. रेवा अभ्यास सोडून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. शेवटी पातेलं इतकं पांढरं निघालं की मला ते माझं वाटेना.

लुचिया परत गेली त्याला आता महिना होत आला. गंमत म्हणजे ती गेल्यापासून माझा चहा बेचव लागत होता. सुधीर म्हणाला, तुझ्या मनाचे खेळ आहेत. असतीलही. पण गेल्या शुक्रवारी मी ते पातेलं भरून चहा चढवला आणि आमच्या मजल्यावरची दारं वाजवली. अकरा वर्षांत ज्यांची नावंही मला माहीत नव्हती ती माणसं कप हातात घेऊन आमच्या हॉलमध्ये बसली. या शुक्रवारी ती पुन्हा येणार आहेत. पातेल्याच्या आत एक बारीक तांबूस कडा धरायला लागली आहे. मी ते नुसतं पाण्याने खळबळते.