कोपऱ्याचे पाव

आईला कोपऱ्याचा पाव आवडायचा, आणि घरची बेकरी असूनही तो तिला कधी मिळाला नाही. यावरून पप्पा कंजूष होते असं कुणाला वाटेल. उलट ते इतके सढळ होते की आईला त्याचाच राग यायचा.

कोपरीत स्टेशनाच्या अंगाला आमची बेकरी होती. मागे लाकडाची भट्टी, पुढे छोटं दुकान आणि दुकानापुढे ओटा. ट्रेमध्ये पाव एकमेकांना चिकटून भाजतात, म्हणून मधले मऊ राहतात. कोपऱ्यातल्या चार पावांना मात्र दोन बाजूंनी पत्रा लागतो आणि तिथे तांबूस, खरपूस पापुद्रा धरतो. आई नगरकडची, भाकरीच्या पापुद्र्यावर वाढलेली. तिचा जीव त्या कोपऱ्यांवर. आणि नेमके तेच चार पाव पप्पा प्रत्येक ट्रेमधून सोडवून टोपलीत टाकायचे, वर स्वच्छ फडकं घालायचे आणि टोपली ओट्याच्या टोकाला नेऊन ठेवायचे. ज्याला लागेल त्यानं न्यावेत, पैसे नाहीत, विचारणं नाही. आमच्या पावाच्या लाद्या त्यामुळे कान कापल्यासारख्या दिसायच्या. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारायचं, उंदरानं खाल्लं का हो? मग पप्पा हसत हसत त्याला लादीत कमी पडलेले पाव सुटे मोजून द्यायचे.

आम्ही मराठी ख्रिस्ती. पप्पांचे आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबणारे. कापणी झाली की शेतात पडून राहिलेली कणसं गोरगरीब वेचून नेतात, त्याला सरवा म्हणतात. पप्पा सरव्याच्या बाजरीवर वाढले होते. कापताना शेताचे कोपरे सोडून द्यावेत, ते गरिबाचे आणि परक्याचे, असं पवित्र शास्त्रात, बायबलात, मालकालाच सांगितलंय, हे त्यांनी लहानपणी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ऐकलं आणि ते त्यांच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

"आपल्याला शेत कुठंय?" ते म्हणायचे. "ट्रे आहे. त्यालाही कोपरे आहेतच की."

माझा मामा डोंबिवलीत केमिकल कंपनीत होता. रविवारी उपासना आटोपून जेवायला आला की पप्पांना धंदा शिकवणं हा त्याचा आवडता उद्योग.

"दाजी, बेकरी आहे का धर्मशाळा? द्यायचेच तर रात्री उरलेले द्या ना. सकाळचा ताजा माल कोण फुकट वाटतं?"

"उरलेलं देणं ही आवराआवर झाली," पप्पा म्हणाले. "अरे, कोपऱ्यातलं पीक काय शिळं असतं? बेकरी कशासाठी काढायची? कारागिरांची घरं चालावीत, गिऱ्हाईकाला चांगला पाव मिळावा, आणि ज्याच्या खिशात काहीच नाही त्यालाही वाटावं की आज बेकरी उघडली बरं झालं. मी कसला मालक? कारभारी. मालक वर आहे, त्याचं लक्ष असतं."

"त्याचं लक्ष असेल तर थोडं माझ्याकडेही द्यायला सांगा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. मामा इतका हसला की त्याला ठसका लागला.

टोपलीचे दोन नियम होते. घरच्यांनी त्यातलं खायचं नाही, कारण ते आपलं नाही. आणि टोपलीत कुणी हात घातला की त्याच्याकडे बघायचं नाही, तोंड फिरवायचं. मला हा दुसरा नियम फार जड जायचा. पायरीवर बसून अभ्यास करताना फडकं हलल्याचं कळायचं आणि माझी मान आपोआप वळायला लागायची. पप्पा गल्ल्यावरून नुसतं खाकरायचे. त्या खाकरण्याची मला आज आठवण येते, आणि त्या भट्टीच्या वासाची. आमच्या शाळेच्या दप्तरांनासुद्धा तो वास होता.

पुढे पाकिटातला ब्रेड घरोघर आला आणि विक्री उतरली. आई म्हणाली, निदान चारचे दोन कोपरे करा. दुसऱ्या दिवशी टोपलीत प्रत्येक ट्रेचे नेहमीसारखेच चार. आईनं कपाळावर हात मारला आणि फडकं तेवढं धुऊन आणलं.

पप्पा गेले तेव्हा मला वाटलं, टोपली आता बंद होणार. बेकरी आई बघायला लागली. पहिल्याच सकाळी मी वर्तकनगरहून, माझ्या सासरहून, तिच्या मदतीला गेले तर ती चिमट्यानं कोपरे सोडवत होती. हात भाजत होते आणि तोंडानं पप्पांना बोलणं चालू होतं.

मी म्हटलं, "आई, आता तर तू मालकीण आहेस. एक खा की!"

"मालकीण आहे म्हणूनच खाता येत नाही," ती म्हणाली आणि टोपली उचलून बाहेर गेली. मला रडू आलं.

गेल्या वर्षी बेकरीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. नव्या इमारतीत लाकडाची भट्टी चालणार नव्हती, आणि आईचे गुडघेही चालत नव्हते. आम्हीही तोवर डोंबिवलीला राहायला गेलो होतो. तिनं आमच्याकडे यायचं ठरलं.

शेवटच्या दिवशी दुकानापुढे हीऽ रांग! लहानपणी पाव नेणारी पोरं आता टक्कल पडलेले बाप्ये होऊन आली होती. दुपारच्या आत सगळं संपलं. शेवटी आलेला एकजण काकुळतीला आला, "मावशी, टोपलीतले तरी द्या ना. डबल पैसे घ्या. आठवण म्हणून."

"ते विकायचे नाहीत, बाळा," आई म्हणाली. "ते माझे नाहीत."

तो गेल्यावर तिनं शटर ओढलं. बिल्डरचा माणूस थांबलाच होता, त्याच्या हातात किल्ली दिली. तो गेला. मी रिक्षा बोलवायला निघाले तर तिनं माझा दंड धरला.

"थांब गं जरा. आता हे दुकान कुणाचं?"

"बिल्डरचं," मी म्हटलं.

"म्हणजे मी इथली कुणी नाही ना?"

"नाही."

ती ओट्याच्या टोकाशी गेली. फडकं बाजूला केलं. टोपलीत थोडे पाव शिल्लक होते. इतक्या वर्षांत ज्याच्यासाठी तिनं भांडणं केली, तो पाव निवडायला तिनं बराच वेळ लावला.

मला तिच्याकडे बघत राहावंसं वाटत होतं. पण टोपलीत कुणी हात घातला की बघायचं नाही. मी तोंड फिरवून स्टेशनाकडे बघत उभी राहिले. मागून पापुद्रा मोडल्याचा आवाज आला.