टॅग बघणारे साडू

माणसाला जन्माला घालताना त्याच्या गळ्यात टॅग बांधायचा राहिला, देवाच्या हातून एवढी एकच चूक झाली, असं ठाम मत असलेले या भूतलावरचे एकमेव गृहस्थ म्हणजे माझे थोरले साडू. निरवांगीचे. सगळी हयात बियाणं तपासायच्या सरकारी नोकरीत गेली. पिशवीला पिवळा टॅग असेल तर मूळ पैदाशीचं बियाणं, पांढरा असेल तर पायाभूत, निळा असेल तर प्रमाणित. आणि हिरवा म्हणजे आमचा माल चांगला आहे असं कंपनीनं आपलं आपणच लिहून दिलेलं. या हिरव्याला ते ‘हरिश्चंद्र’ म्हणतात. पिशवी फोडली तरी टॅग टाकायचा नाही, तो पीक हाताला येईस्तोवर दारामागच्या तारेत ओवून ठेवायचा, हा त्यांच्या घरचा कायदा. उद्या बियाणं फसवं निघालं तर पुरावा नको का? साडू निवृत्त झाले, पण तपासणी काही निवृत्त झाली नाही. बियाण्यावरून ती माणसांवर आली, इतकंच.

मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीनं मला एक प्रश्न विचारला आणि साडूंनी सतरा. बारामतीत माझं चष्म्याचं दुकान आहे एवढं ऐकून बाकीची मंडळी पोह्यांकडं वळली. हे वळले नाहीत. “डोळं कोण तपासतंय तुमच्याकडं? डॉक्टर, का तुमीच?” मी म्हटलं, मीच, डिप्लोमा केलाय. “मग दावा की!” आता बघायला आलेल्या कुठल्या मुलाच्या खिशात डिप्लोमा असतो हो? पुढच्या रविवारी तो फ्रेमसकट घेऊन गेलो, तेव्हा कुठं माझं लग्न जमलं. आमच्या गृहशांतीला गुरुजींना त्यांनी “शिक्षण कंच्या पाठशाळेत झालं?” असं विचारलं आणि गुरुजींच्या हातातली सुपारी होमात पडली. इंदापुरात दाढ काढायला गेले तेव्हा तर कहरच. इंजेक्शन घेऊन अर्धा जबडा बधिर झाल्यावर त्यांची नजर भिंतीवरच्या सर्टिफिकेटवर गेली. नाव भलतंच! गडी खुर्चीतून उठला आणि लाळ पुसत तडक घरी. ते सर्टिफिकेट डॉक्टरांच्या बायकोचं, तेही माहेरच्या नावाचं, आणि बाईही दातांच्याच डॉक्टर, हे मागाहून कळलं. तोवर दाढेनं आठ दिवस ठणकून घेतलं होतं.

मागच्या वर्षी माझंच बिनसलं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला “खालची ओळ वाचा” म्हणालो आणि काही कारण नसताना माझ्या छातीत धडधड सुरू झाली. दरदरून घाम, हातपाय गार, आता जीव जातोय असं वाटलं. मग आठवड्यातून तीन-तीनदा तेच. हृदयाच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, हे मनाचं आहे, त्यातल्या कुणाला तरी दाखवा. मला शटर वर करायचीच भीती बसली. आणखी दोन महिने असेच गेले असते तर वडिलांपासूनचं दुकान मोडावं लागलं असतं, हे बायकोला दिसत होतं आणि मलाही. त्यातल्या कुणाला तरी म्हणजे कुणाला, हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं. तिनं बहिणीला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडू दारात उभे.

चहा यायच्या आत त्यांनी टेबलावर चार टॅग मांडले. “समजून घ्या, पावनं. ह्यो पिवळा म्हंजी मनोविकारतज्ज्ञ. आधी पुरी डॉक्टरकी, मग मनाच्या आजाराचं वरचं शिक्षण. गोळी लिवायचा अधिकार ह्यालाच. ह्यो पांढरा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. ह्यो गोळी देत न्हाय, पर मानसशास्त्र शिकून, दवाखान्यात उमेदवारी करून सरकारी परिषदेत नाव नोंदवल्यालं असतंय. बोलून बोलून गाठ सोडवतो. निळा म्हंजी समुपदेशक. ह्यात लई चांगली माणसं हायत, पर काय शिकला, कुणाच्या हाताखाली शिकला, ते इचारून घ्यायचं. आन् ह्यो हिरवा…”

“हरिश्चंद्र!” स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

इतकं तर मला माझ्या चष्म्यांतलं माहीत नव्हतं. यांना हे सगळं कुठून ठाऊक, असं मनात आलं. पण तेवढ्यात छाती धडधडली आणि विचारायचं राहून गेलं.

तरी मी हट्टानं त्यांना एका होर्डिंगवाल्याकडं नेलंच, कारण होर्डिंगवर सात दिवसांत भीती घालवतो असं लिहिलेलं होतं आणि मला घाई होती. मे महिन्यात कोट घातलेला माणूस. साडूंनी भिंतीवरची सगळी सर्टिफिकेटं एक एक करून वाचली. “ह्यो कोर्स किती दिसांचा म्हनायचा, सायेब?” तो म्हणाला, “दोन दिवसांचा, पण इंटरनॅशनल आहे!” साडू उठलेच. “दोन दिसांत आमच्याकडं मेथी सुदिक भाजीला येत न्हाय.”

मग रीतसर मनोविकारतज्ज्ञांकडं गेलो. त्यांनी नीट तपासून थोड्या दिवसांची गोळी दिली आणि बोलून करायच्या उपचारासाठी एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंकडं पाठवलं. त्यांच्या जिन्याशी माझे पाय अडले. म्हटलं, साडूभाऊ, कुणी बघितलं तर वेडा म्हणतील मला. ते म्हणाले, “डोळ्याला नंबर लागला म्हणून जो तुमच्या दुकानात येतो, त्याला तुमी आंधळा म्हंता व्हय? चला वर.”

बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. नमस्कार झाला न झाला तोच साडूंचा प्रश्न सुटला. “बाई, तुमचा नोंदणी नंबर?” धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. बाईंनी शांतपणे भिंतीवरची फ्रेम उतरवली आणि त्यांच्या हातात दिली. “बरं केलंत विचारलंत, काका. कुणी विचारतच नाही.”

या प्रश्नापायी साडूंना लोकांनी आजवर हाकललं होतं, सुनावलं होतं. बरं केलंत, असं पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं. फ्रेम त्यांच्या हातात होती, पण नंबर काही वाचला नाही. मग म्हणाले, “एकदा म्या बी न्हवतं इचारलं, बाई.”

त्यांना एक धाकटा भाऊ होता, हे मी ऐकून होतो. तो विषय त्या घरात कुणी काढत नसे. “कॉलेजात हुता. एकटाच बोलायचा, कुनीतरी हाका मारतंय म्हनायचा. दारावर मानसोपचारतज्ज्ञ लिवलं हुतं, म्हनून त्या मानसाकडं वरीसभर घातला. त्यो कायबी शिकल्याला न्हवता, बाई. नुस्ता बोर्ड. एक दिस पहाटं प्वार घरातनं निघून गेलं, ते आलंच न्हाय. हजारो पिशव्या परत लावल्या म्या टॅग न्हाय म्हनून. त्या दाराशी मातर बोर्ड वाचला आन् चप्पल काढली.” बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी फ्रेम परत केली आणि म्हणाले, “आमच्या पावन्यास्नी नीट बघा.” मला रडूच आलं. माझ्यासाठी का त्यांच्यासाठी, ते अजून सांगता येत नाही.

आठ महिने गेलो. आता दुकान वेळेवर उघडतं. अधूनमधून छाती धडधडते, पण ती आपोआप ओसरते हे मला आता पक्कं ठाऊक आहे. गेल्या महिन्यात निरवांगीला जेवायला गेलो, तर उंबऱ्यातच तपासणी. “गोळी बंद झाली म्हनं. कुनी केली? डॉक्टरनी, का तुमीच?” डॉक्टरांनी, म्हटल्यावर स्वारी खूश. दारामागच्या तारेतून त्यांनी एक कागद ओढला, डॉक्टरांची माझ्या नावची पहिल्या दिवसाची चिठ्ठी, त्यांनी तेव्हाच मागून घेतलेली, आणि चुरगाळून चुलीत टाकली. “झालं. पीक हाताला आलं तुमचं.”

तार आता मोकळी झाली होती. तळाशी तेवढी एकच जुनी चिठ्ठी उरली होती, चहासारखी तपकिरी पडलेली. उरलीसुरली काढून टाकावी म्हणून मी ओढली. वर त्यांच्या भावाचं नाव होतं आणि खाली त्या बोर्डवाल्यानं दिलेली पुढच्या खेपेची तारीख. साडूंनी माझ्याकडं बघितलं. “ऱ्हाऊ द्या ती,” ते हळू म्हणाले, “त्याचं अजून यायचंय.”

मी ती होती तशी तारेत ओवली आणि हात धुवायला गेलो.